कीचक, कवेलू आणि वीस लक्स

चिखलदऱ्याचं नावच एका अंधाऱ्या इमारतीवरून पडलं आहे. लोककथा अशी, की हा विराट राजाचा मुलूख आणि पांडव इथेच अज्ञातवासात राहिले. सैरंध्रीच्या मागे लागलेला कीचक रात्री नर्तनशाळेत शिरला. आत दिवा नव्हता. समोर सैरंध्रीच आहे असं समजून तो पुढे सरकला आणि थेट भीमाच्या तावडीत सापडला. भीमाने त्याला मारून दरीत फेकलं, म्हणून तो कीचकदरा, आणि बोलता बोलता त्याचा झाला चिखलदरा. भीमाने हात धुतले ते भीमकुंड आजही पाहुण्यांना दाखवतात.

आता हीच गोष्ट इमारतींतले दिवे तपासणाऱ्याच्या नजरेने वाचा. इमारतीच्या आत कुठे किती उजेड हवा, हे सांगणारं भारतीय मानक म्हणजे आयएस ३६४६. त्यात एक फार बोलका आकडा आहे. माणसाच्या चेहऱ्याची ठेवण जेमतेम ओळखू यायला साधारण २० लक्स उजेड लागतो. उजेडाच्या सगळ्या पायऱ्या तिथून वर मोजल्या जातात. नर्तनशाळेत वीस लक्स असते, तर कीचक उंबऱ्यावरूनच परतला असता!

सरकी, दूध आणि कप

लक्स म्हणजे काय, हे समजायला वऱ्हाडात म्हशीइतका चांगला मास्तर नाही. म्हशीला सरकी किती घातली, ते वॅट. तिने दूध किती दिलं, ते ल्युमेन. आणि त्यातलं तुमच्या कपात किती पोचलं, ते लक्स. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन उजेड पडला की तो एक लक्स.

आपण दुकानात जातो आणि विचारतो, "भाऊ, किती वॅटचा आहे?" म्हणजे म्हैस बघायला जाऊन ती खाते किती एवढंच विचारून परत येतो. जुना ६० वॅटचा बल्ब सुमारे ७०० ल्युमेन देतो. ९ वॅटचा एलईडी साधारण ९०० देतो. सरकी एक षष्ठांशाहून कमी आणि दूध जास्त. रोज सहा तास दिवा लावला, तर साठचा बल्ब वर्षाला १३१ युनिट खातो, एलईडी २० युनिटही खात नाही.

गंमत म्हणजे विजेच्या बल्बच्या सुरुवातीच्या काळात दिव्यावर वॅट नव्हे, तर 'कँडलपॉवर' छापलेली असे. किती मेणबत्त्यांचा उजेड, ते. म्हणजे पणजोबा दूध बघून म्हैस घेत होते. मधल्या शंभर वर्षांत आपण सरकी मोजायला लागलो. एलईडीच्या खोक्यावर आता पुन्हा ल्युमेन छापून येतात. वॅटच्या ठळक आकड्याखाली ते बारीक अक्षरांत असतात, पण असतात. पुढच्या वेळी तेवढे वाचा.

एका वॅटमधून जास्तीत जास्त किती?

६८३ ल्युमेन. निसर्गाने आखलेली ही लक्ष्मणरेषा आहे. सगळी वीज ५५५ नॅनोमीटर लांबीच्या हिरव्या प्रकाशात बदलली, तर एवढा उजेड मिळेल. कारण दिवसा माणसाचा डोळा त्याच हिरव्यावर सगळ्यात जास्त लुब्ध असतो. पावसाळ्यात मेळघाटावर जो पोपटी रंग चढतो, तो डोळ्याला एवढा सुखावतो यात मला नवल वाटत नाही. मात्र असल्या शुद्ध हिरव्या उजेडात घरातली भाजी, कपडे, माणसं सगळी भुतासारखी दिसतील, म्हणून पांढरा उजेड हवा आणि त्यासाठी थोडी कार्यक्षमता सोडावी लागते. आजचे चांगले एलईडी वॅटमागे १०० ते १५० ल्युमेन देतात. जुना बल्ब बाराच्या आसपास थांबायचा.

बल्ब की शेगडी?

तारेचा बल्ब जेवढी वीज खातो, त्यातली जेमतेम ५ टक्के उजेडात बदलते. बाकीची जवळपास सगळी उष्णता. कोंबडीपालन करणारे पिल्लांना ऊब द्यायला बल्ब लावतात ते उगीच नाही. तिथे तो शेगडीचं काम चोख करतो.

आणि एक खेड्यातला अनुभव, ज्याच्या मागचं गणित फार थोड्यांना ठाऊक असतं. संध्याकाळी सगळ्यांच्या मोटारी सुरू झाल्या, की व्होल्टेज उतरतं आणि बल्ब लाल-पिवळा पडतो. घरातलं जुनं माणूस म्हणतं, "जाऊ द्या, बिल तरी कमी येईल." व्होल्टेज १० टक्के उतरलं तर बल्बची वीज साधारण १५ टक्क्यांनी कमी होते खरी, पण उजेड ३० टक्क्यांनी घटतो. सरकी थोडी वाचली, दूध मात्र दुप्पट वेगाने आटलं. एक फायदा होतो: मंद तापलेली तार जास्त दिवस टिकते. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर गावच्या अग्निशमन केंद्रात १९०१ साली लावलेला बल्ब आजही जळतो आहे, तो असाच. आता तो चारेक वॅटवर मिणमिणतो. त्याच्याखाली बसून पेपर वाचता येणार नाही, पण वय सव्वाशेच्या घरात आहे.

तारेच्या बल्बचं आयुष्य एक हजार तासांवर अडकलं, त्यालाही कारण आहे. १९२० च्या दशकात जगातल्या बड्या बल्ब कंपन्यांनी 'फीबस' नावाची टोळी बांधली आणि बल्ब हजार तासांपेक्षा फार जास्त टिकू द्यायचा नाही असं आपसात ठरवलं. जास्त टिकाऊ बल्ब बनवणाऱ्या सदस्य कंपनीला चक्क दंड होता.

चोक काय खातो?

ट्यूबलाइट ४० वॅटची, असं आपण वर्षानुवर्षं म्हणत आलो. पण पट्टीत बसलेला तो जड, गुणगुणणारा तांब्याचा चोक स्वतः आणखी १२ ते १५ वॅट गिळायचा. तो कुणी मोजला नाही, कारण तो दिसत नव्हता. दिव्यांचा हिशेब करणाऱ्याने नळीवरचा आकडा वाचून भागत नाही, ते यासाठीच. चोकसकट मोजायचं.

चोकवाल्या ट्यूबचा आणखी एक गुण: ती सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, मोबाइलवर स्लो-मोशन व्हिडिओ काढला की कळतं. फिरतं चाक या लुकलुकीशी जुळलं, तर ते थांबल्यासारखं दिसतं. जिनिंगमध्ये, पिठाच्या गिरणीत, लेथवर हा जिवाशी खेळ आहे. जाणते वायरमन शेजारशेजारच्या ट्यूब वेगवेगळ्या फेजवर टाकायचे, म्हणजे एक विझत असताना दुसरी पेटती राहते. पुस्तक न वाचता हे करणारी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांच्याविषयी मला फार आदर आहे.

निळ्याने केली कमाल

लाल आणि हिरवे एलईडी १९६० च्या दशकापासून होते. रेडिओवर, कॅल्क्युलेटरवर ते चमकायचे. पण निळा जमत नव्हता, आणि निळ्यावाचून पांढरा होत नाही. जपानचे इसामु अकासाकी, हिरोशी अमानो आणि जपानमध्येच काम केलेले शुजी नाकामुरा यांनी १९९० च्या दशकात तो साधला. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. बंद एलईडीचं झाकण काढून पाहा, आत पिवळे ठिपके दिसतील. ती पिवळी पूड. आतून निळा उजेड येतो, थोडा पिवळ्यात बदलतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो.

पुढचं वर्ष भारताचं. ५ जानेवारी २०१५ ला 'उजाला' योजना सुरू झाली. सरकारने कोट्यवधी बल्बची एकगठ्ठा मागणी काढली आणि जो एलईडी बल्ब २०१४ मध्ये सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडत होता, तो काही वर्षांत ३८ रुपयांवर आला. तूर खरेदीत भाव पडला की पोटात गोळा येतो, इथे भाव पडला आणि घराघरांत उजेड आला. ३६ कोटींहून अधिक बल्ब या योजनेतून वाटले गेले.

लाइट गेली!

मराठीत वीज जात नाही, 'लाइट' जाते. विजेच्या बिलाला आपण 'लाइटबिल' म्हणतो. फ्रिज, पंखा, कूलर, मोटर सगळ्यांचा खर्च त्यात, नाव मात्र एकट्या दिव्याचं. शब्दात इतिहास गोठून राहतो तो असा. वीज घरात आली ती दिव्यासाठीच. १९८८-८९ साली सुरू झालेल्या 'कुटीर ज्योती' योजनेत गरीब घराला मिळायचा तो एकच दिवा, म्हणून तिला लोक 'एकबत्ती' म्हणायचे. घरात एकच दिवा टांगायचा, तर तो कुठे टांगायचा? बहुतेक घरांनी तो ओसरीवर किंवा बैठकीत टांगला. चूल अंधारात राहिली.

इथे जरा थांबतो, कारण हे मला फार लागतं. दिवसाच्या उजेडाचं भारतीय मानक आहे, आयएस २४४०. बाहेर आभाळाचा उजेड ८,००० लक्स धरायचा आणि त्यातला किती टक्के आत पोचला ते बघायचं, अशी त्याची रीत. १ टक्का म्हणजे ८० लक्स. या मानकाने बैठकीच्या खोलीला ०.६२५ टक्के पुरे म्हटलं आहे, म्हणजे ५० लक्स. स्वयंपाकघराला २.५ टक्के, म्हणजे २०० लक्स. स्वयंपाकघराला चौपट! विळीवर बोटं असतात, उकळतं तेल असतं, तांदळात खडा असतो. कागदावर कुण्या शहाण्याने हे नीट ओळखलं होतं. घरोघरी मात्र उलट झालं. पाहुण्यांसाठी ट्यूबलाइट, आणि आईसाठी धुराने काळवंडलेला चाळीसचा बल्ब. आज तुमच्या घरातल्या दिव्यांची तपासणी करायची असेल, तर सुरुवात ओट्यापासून करा. जिथे हात चालतो तिथे उजेड पडतो का, एवढं बघा. कपाटाखाली लावलेली ५ वॅटची पट्टी छतावरच्या २० वॅटपेक्षा ओट्यावर जास्त उजेड पाडू शकते, कारण अंतर अर्धं झालं की छोट्या दिव्याचा उजेड चौपट होतो. शिवाय छतावरचा दिवा पाठीमागे असतो, आणि स्वयंपाक करणारीची स्वतःचीच सावली ओट्यावर पडते.

काचेचं कवेलू

चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटरवर. इथे ऊनही आहे आणि धुकंही, त्यामुळे दिवसाच्या उजेडाचं मोल इथे चटकन कळतं. भर दुपारचं स्वच्छ ऊन १ लाख लक्सच्या आसपास असतं. दाट ढग उतरले की ते काही हजारांवर येतं. तरीही ढगाळ दिवसाचा बाहेरचा उजेड घरातल्या दिव्याच्या कितीतरी पट असतो! आपल्याला तो कमी वाटतो, कारण डोळा फसवण्यात पटाईत आहे. उजेड अर्धा झाला तरी त्याला 'थोडा मंद' एवढंच वाटतं. म्हणून डोळ्याच्या साक्षीवर हिशेब करू नये, मोजावं.

मेळघाटात कोरकूंची गावं पाहिली असतील, तर घरांच्या समोरासमोर दोन रांगा आणि मधला रुंद रस्ता ओळखीचा असेल. कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या भिंती, वर कवेलू. अशा कवेलूच्या छतात एखादं काचेचं कवेलू बसवायची जुनी रीत आहे. त्याचा हिशेब मांडला आणि मी चकित झालो. वीतभर लांब, वीतभर रुंद काच धरा, सुमारे ०.०४ चौरस मीटर. त्यावर १ लाख लक्सचं ऊन पडलं, तर ४,००० ल्युमेन. काचेने थोडे अडवले तरी ३,००० च्या वर आत येतात. ९ वॅटचे तीन एलईडी, बिल शून्य. अडचण एवढीच, की ते ऊन एकाच जागी पडतं आणि सरकत राहतं. ब्राझीलच्या आल्फ्रेदो मोझेर या मेकॅनिकने २००२ मध्ये यावर उपाय काढला. पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली छतात अर्धी आत, अर्धी बाहेर बसवायची. पाणी उजेडाला सगळीकडे पसरवतं. शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात थोडं ब्लीच. पुढे फिलिपिन्समध्ये याची मोठी चळवळ झाली.

खिडकीचंही एक सोपं माप आहे. खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, तिच्या साधारण दोन ते अडीच पट आतपर्यंत कामाचा उजेड पोचतो. म्हणजे खिडकी रुंद करण्यापेक्षा उंच केलेली बरी. इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यांना छताजवळ उघडणाऱ्या झडपा असत, त्या वाऱ्याइतक्याच उजेडाच्याही कामी यायच्या.

आणि ही गंमत फक्त कर्कवृत्ताच्या खालच्या गावांसाठी. 'उत्तरेच्या खिडकीतून कधी ऊन येत नाही' हे इंग्लंडमध्ये जवळपास खरं, चिखलदऱ्यात नाही. इथला अक्षांश २१.४. मेच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला जातो. पण नेमकं तेव्हाच पावसाळी ढग येऊन पडदा धरतात.

भिंतसुद्धा दिवाच

चुना मारलेली भिंत तिच्यावर पडलेल्या उजेडातला ८० टक्क्यांपर्यंत उजेड परत देते. गडद हिरवी किंवा तपकिरी भिंत १०-२० टक्के. म्हणजे कमरेपर्यंत गडद ऑइलपेंट मारलेली कचेरी दिवे लावते आणि भिंती ते पिऊन टाकतात. दिवाळीआधी घर पांढरंशुभ्र करायची आपली पद्धत उजेडाच्या हिशेबात सगळ्यात स्वस्त सुधारणा आहे.

धुळीचं तसंच. दिवे बसवताना जाणकार आधीच २०-३० टक्के उजेड वजा धरतात, कारण काचेवर धूळ बसणार आणि दिवा म्हातारा होणार. चिखलदऱ्यात जुलैमध्ये याला आणखी एक भर: पाखरं. दिव्याच्या गोल काचेत मेलेल्या किड्यांचा थर जमला, की आत एलईडी कितीही भारी असो, उजेड तिथेच अडतो. ओलं फडकं आणि पाच मिनिटं.

खोलीला किती मार्क?

आता खऱ्या परीक्षेकडे. केंद्र सरकारचं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो १ मार्च २००२ रोजी सुरू झालं. फ्रिजवर तारे चिकटवणारं हेच ते ब्युरो. त्यांनी ऊर्जा लेखापरीक्षकांसाठी खोलीच्या दिव्यांना मार्क देण्याची एक रीत दिली आहे, आणि ती दहावीच्या मुलालाही जमेल.

एक वर्ग धरू. लांबी ८ मीटर, रुंदी ६ मीटर, बाकापासून दिव्याची उंची २ मीटर. लांबी-रुंदीचा गुणाकार ४८. लांबी-रुंदीची बेरीज १४, गुणिले उंची, २८. अठ्ठेचाळीसला अठ्ठावीसने भागा, १.७. हा झाला खोलीचा निर्देशांक. तो एकच्या आत असेल तर ९ जागी उजेड मोजायचा, एक ते दोन असेल तर १६ जागी, दोन ते तीन असेल तर २५, त्यापुढे ३६. म्हणजे आपल्या वर्गात बाकाच्या उंचीवर सोळा ठिकाणी लक्समीटर ठेवून सरासरी काढायची. दिव्याखाली एकदाच मोजून 'भरपूर आहे' म्हणायला इथे जागाच नाही.

वर्गात जुन्या सहा ट्यूब आहेत, चोकसह ५० वॅटच्या. एकूण ३०० वॅट, म्हणजे चौरस मीटरला ६.२५ वॅट. सरासरी उजेड १५० लक्स आला असं धरा. १५० भागिले ६.२५, आले २४. या आकाराच्या खोलीला ब्युरोच्या कोष्टकानुसार साधारण ४४ यायला हवेत. २४ भागिले ४४, म्हणजे ०.५५. पाऊणच्या वर मार्क आले तर ठीक ते चांगलं. अर्ध्या ते पाऊणमध्ये असेल तर फेरविचार करा. अर्धा किंवा खाली गेला, तर ताबडतोब हात घाला. आपला वर्ग काठावर पास.

आता इथली खरी मेख. देशात मोठ्या व्यापारी आणि सार्वजनिक इमारतींसाठी 'ईसीबीसी' नावाची संहिता आली, २००७ ची आणि सुधारलेली २०१७ ची. ती चौरस मीटरमागे जास्तीत जास्त किती वॅटचे दिवे चालतील ते सांगते. कचेरीला २००७ मध्ये १०.८ वॅट होते, २०१७ मध्ये ९.५ झाले, आणि सगळ्यात वरच्या दर्जाला ५. शाळेला २०१७ च्या संहितेत ११.२. आपला वर्ग ६.२५ वर! नुसते वॅट पाहिले तर तो पहिल्या वर्गात उत्तीर्ण. पण मुलं बसली आहेत १५० लक्समध्ये, आणि वर्गासाठी आयएस ३६४६ मध्ये २००-३००-५०० अशी पट्टी आहे. कमी वॅट म्हणजे कार्यक्षमता, हा समज असा फसवतो. उपाशी म्हैस सरकी वाचवते हो, पण तिला कुणी दुधाळ म्हणत नाही.

त्याच वर्गात २० वॅटच्या सहा एलईडी पट्ट्या लावल्या आणि १६० लक्स मिळाले, तर मार्क १.४५ च्या आसपास जातात. शंभरपैकी एकशे पंचेचाळीस! कारण कोष्टक ट्यूबलाइटच्या काळातलं आहे. पण मला त्या मार्कांपेक्षा दुसरा हिशेब प्रिय आहे. सहाच्या जागी बारा पट्ट्या लावा. वीज २४० वॅट, जुन्यापेक्षा ६० ने कमीच. उजेड ३२० लक्स, दुपटीहून जास्त. वाचलेल्या विजेतली थोडी मुलांच्या डोळ्यांवर खर्च झाली, तर ती वायाच गेली असं कोण म्हणेल?

२०१७ मध्ये राज्याच्या सार्वजनिक बांधकाम विभागाने ईईएसएल कंपनीशी शासकीय इमारतींतले जुने दिवे-पंखे बदलायचा करार केला, तेव्हा सुमारे दीड हजार इमारती डोळ्यांसमोर होत्या. अशा प्रत्येक इमारतीत बदलाआधी आणि बदलानंतर लक्समीटर फिरावा, असं मला मनापासून वाटतं.

मीटरची लाल टिकली

लक्समीटर नाही? मोबाइलमध्ये पडद्याची चमक आपोआप बदलणारा एक प्रकाशमापक असतो, त्यावर चालणारी फुकट ॲप मिळतात. आकडा तंतोतंत नसतो, पण या खोलीपेक्षा ती खोली किती पट, हे नीट कळतं.

आणि वॅट मोजायला यंत्र तुमच्या दारातच टांगलेलं आहे. विजेच्या मीटरवर एक लाल दिवा टिकटिक लुकलुकत असतो. शेजारी '३२०० इम्पल्स' किंवा असा काही आकडा छापलेला असतो. एका युनिटला एवढ्या टिकल्या. घरातलं सगळं बंद करा, फक्त दिवे लावा, मिनिटभर टिकल्या मोजा. ३,२०० च्या मीटरवर ३०० वॅटला मिनिटाला १६ टिकल्या पडतात, १२० वॅटला सहाच्या थोड्या वर. मुलांना हा खेळ लावून द्या. "बाप्पा! हे बाथरूमचं गिझर चालूच राह्यलं होतं!" हा शोध बहुतेक घरांत पहिल्या पाच मिनिटांत लागतो.

धुक्यात पिवळा दिवा

परतवाड्याहून घाट चढताना धुकं लागलं, की कुणीतरी सांगतंच: पिवळा दिवा धुकं कापतो. कापत नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लाटेपेक्षा बरेच मोठे असतात आणि सगळे रंग जवळपास सारखेच उधळतात. धुक्याच्या दिव्याचं खरं बळ त्याच्या जागेत आहे. तो खाली बसवलेला असतो, म्हणून उजेड रस्त्याला धरून जातो आणि उधळून डोळ्यांवर कमी येतो. हॉटेलच्या व्हरांड्यालाही हेच लागू. उंच खांबावरचा झगझगीत दिवा धुक्यात एक पांढरा गोळा तयार करतो, पायरी मात्र दिसत नाही. पायरीजवळ, गुडघ्याएवढ्या उंचीवर, खाली तोंड केलेला ३ वॅटचा दिवा पाहुण्याला खोलीपर्यंत नीट पोचवतो.

१३० किलोवॅटचं गाव

थंड हवेच्या ठिकाणांचं आणि विजेचं नातं जुनं आहे. १० नोव्हेंबर १८९७ ला दार्जिलिंगजवळ सिद्रापाँगला देशातलं पहिलं जलविद्युत केंद्र सुरू झालं. क्षमता १३० किलोवॅट. त्यात साठचे दोन हजारांवर बल्ब लागले असते. आजचे ९ वॅटचे एलईडी लावले तर चौदा हजारांवर लागतील.

देवीचा लक्समीटर

कोल्हापूरच्या अंबाबाई मंदिरात नोव्हेंबरात आणि जानेवारी-फेब्रुवारीच्या सांध्यावर मावळतीचे किरण थेट मूर्तीपर्यंत जातात. किरणोत्सव. तिथे अभ्यासक उभे राहून किरणांची तीव्रता लक्समध्ये मोजतात आणि वाटेत कुठली बांधकामं आडवी येतात त्याची नोंद करतात. एका इमारतीच्या दिवसाच्या उजेडाची एवढी भक्तिभावाने होणारी तपासणी मला दुसरी माहीत नाही. अजिंठ्यात विजेचे दिवे यायच्या आधी लेण्यांच्या दारात आरसे धरून ऊन आत फेकलं जायचं, आतल्या पांढऱ्या कापडावर पडून ते मऊ व्हायचं आणि पद्मपाणी उजळायचा.

अंधारही मोजतात

उजेड स्वस्त झाला की माणूस जास्त लावतो. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी मोजलेल्या ताऱ्यांच्या नोंदींवरून २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, की २०११ ते २०२२ या काळात रात्रीचं आभाळ वर्षाला सरासरी ९.६ टक्क्यांनी उजळत गेलं. आभाळाकडे गेलेला प्रत्येक ल्युमेन म्हणजे कपाबाहेर सांडलेलं दूध. आपल्या विदर्भातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाने यावर काम केलं. आसपासच्या गावांतले शंभरावर दिवे खाली तोंड करणारे बसवले आणि जानेवारी २०२४ मध्ये पेंच भारतातलं पहिलं 'डार्क स्काय पार्क' ठरलं. चिखलदरा मेळघाटच्या कुशीत बसलं आहे. इथल्या प्रत्येक हॉटेलच्या गच्चीवरचा, आभाळाकडे तोंड केलेला दिवा खाली वळवायला एक पाना पुरतो.

काजव्याचं सांगायचं राहिलं. पूर्वी पुस्तकांत लिहिलेलं असायचं, की काजवा जवळजवळ शंभर टक्के कार्यक्षम. २००८ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी नीट मोजलं तर त्याच्या रसायनाची उजेड देण्याची क्षमता ४१ टक्के निघाली. आकडा उतरला, तरी काजव्याचा उजेड थंडच. आणि मेळघाटच्या रानपिंगळ्याला तर दिव्याची गरजच नाही. १८८४ नंतर नाहीसं झालं असं मानलेलं हे घुबड नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा सापडलं, पुढे मेळघाटातही दिसलं. ते दिवसाउजेडी शिकार करतं.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री मेळघाटात पाणवठ्यांवर मचाणं बांधतात. निसर्गप्रेमी रात्रभर त्यावर बसून पाण्यावर येणारी जनावरं मोजतात, चांदण्याच्या उजेडात. पौर्णिमेचं चांदणं भरून पडलं तरी पाव लक्सच्या आसपास. कीचकाला लागले असते त्याच्या ऐंशीव्या हिश्श्याएवढं. पण डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वीस-तीस मिनिटं दिली, की तेवढ्यात अस्वलाची काळी पाठ, गव्याचे पांढरे मोजे आणि पाण्यावरची लहर दिसायला लागते. मचाणावर कुणी मोबाइल उघडला तर शेजारचा फक्त त्याच्या हातावर हात ठेवतो, आणि सगळे पुन्हा अर्धा तास डोळे निवण्याची वाट बघत बसतात.